दोर धरणारी

त्या वर्षी तळं इतकं आत सरलं होतं, की एरवी जिथे होड्या बांधायचे तिथे भेगाळलेल्या गाळावर कुत्री झोपत. लव्हाळं कापायला माणसांना पार मधोमध जावं लागे. मांडीपर्यंत गाळ, वर कमरेपर्यंत पाणी आणि त्यात वाकून विळा चालवायचा. एवढं करून लव्हाळंही आखूड आणि बारीक आलेलं. पूर्वी सकाळच्या सकाळी होणारा भारा आता दुपार उलटली तरी होत नव्हता. काठावरच्या वस्तीचं सगळं पोट त्या लव्हाळ्यावर, आणि ते विकत घेणारा ठेकेदार एकच होता.

समुपदेशक बाई बसमधून उतरून बांधावरून वस्तीकडे निघाल्या. वस्तीत त्यांना समुपदेशक कुणी म्हणत नसे. तो शब्द म्हणेपर्यंत माणसाला धाप लागते. सगळे त्यांना शांत बाई म्हणत. कुणाचा पोरगा शाळेतून हाकललेला असो, कुणाची पोरगी घर सोडून गेलेली असो, नवरा-बायको एकमेकांच्या जिवावर उठलेले असोत, बाई घरात शिरल्या की आधी एक बादली पाणी मागत. हात मनगटापर्यंत पाण्यात घालायचे. पाणी स्थिर होईपर्यंत तसंच राहायचं. स्थिर झालं की मग बोलायचं. उभी नोकरी त्यांनी या एका बादलीवर काढली होती. टवाळ पोरं त्यांना येताना बघून ओरडत, बादल्या घासून ठेवा रे, बाई आल्या. बाई हसून पुढे जात. त्यांना कधी राग येत नाही अशी त्यांची ख्यातीच होती, आणि ऑफिसातल्या साहेबांना त्यांचं तेवढंच आवडायचं.

आज त्या ज्या घरी चालल्या होत्या तिथली थोरली मुलगी गेल्या हिवाळ्यात सुधारगृहातून घरी परत आली होती. दोन वर्षांपूर्वी तिने ठेकेदाराच्या वखारीतल्या लव्हाळ्याच्या गंज्या पेटवल्या होत्या. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. बाप आधीच छातीच्या दुखण्याने गेलेला, आई दिवसभर पाण्यात, आजोबांचे गुडघे कामातून गेलेले. पोरीला उचलून नेलं तेव्हा तिच्यासाठी भांडायला घरात कुणी नव्हतं. आता मुलांचे खटले बघणाऱ्या सरकारी समितीने तिला घरी सोडलं होतं, पण अटीवर. हंगाम संपेपर्यंत तिची एकही तक्रार येता कामा नये. आली तर अठरा पूर्ण होईपर्यंत परत सुधारगृह. आणि तक्रार करणारा या अख्ख्या पंचक्रोशीत कोण, तर तोच ठेकेदार.

म्हणून बाईंनी स्वतः पुढाकार घेऊन दोघांचा समेट घडवला होता. पोरीने माफी मागायची आणि जळलेल्या मालाची भरपाई म्हणून हंगामभर वखारीत काम करायचं. ठेकेदार गोड माणूस. बाईंना खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, मॅडम, पोर आहे, चुकली. मी तिला ओझी उचलायला लावणार नाही. भारे मोजायचा दोर तिच्या हाती देतो. जबाबदारीचं काम दिलं की माणूस सुधारतं.

बाईंना फार बरं वाटलं होतं. जिच्यावर माल जाळल्याचा गुन्हा, तिच्याच हाती मापाचा दोर. एवढा मोठा विश्वास कोण टाकतं? साहेबांनाही त्यांनी हे कौतुकाने सांगितलं होतं, आणि साहेबांनी ते पुढच्या दोन-तीन बैठकांत आपलंच म्हणून सांगितलं होतं.

घर दोन खोल्यांचं. भिंती लव्हाळ्याच्या, वरून माती लिंपलेली. आजोबा दारात पाय पसरून चटई विणत होते. धाकटी त्यांना एकेक काडी देत होती आणि मध्येच एखादी स्वतःच्या नाकात घालून बघत होती. आजोबांनी बाईंना बघून काम थांबवलं नाही.

"आई कुठे आहे हिची?" बाईंनी विचारलं.

"पाण्यात. अजून कुठे असणार?"

"आणि थोरली?"

"वखारीत. मानाच्या जागेवर," आजोबा म्हणाले आणि बाजूला थुंकले.

बाई उंबऱ्यावर टेकल्या. त्यांनी आजोबांच्या गुडघ्यांची चौकशी केली, धाकटीच्या शाळेची केली. मग थोरलीवर आल्या. झोपते का, जेवते का, चिडते का. आजोबांनी सांगितलं, की चिडत अजिबात नाही. जेवायला आईबरोबर बसत नाही. आई एका खोलीत असली की ती दुसऱ्या खोलीत. रात्री आईकडे पाठ करून झोपते. आणि आई तिला एका शब्दाने बोलत नाही.

"भांडण झालंय का दोघींचं?"

"भांडण कसलं. भांडायला तोंड लागतं," आजोबा म्हणाले. "बाई, तुम्ही तो दोर बघितलाय का कधी?"

बाईंनी बघितला नव्हता. वखारीत त्या गेल्या होत्या, पण ऑफिसच्या खोलीपर्यंतच. आजोबांनी अर्धवट विणलेली चटई बाजूला सारली आणि दोन्ही हात पुढे करून हवेतच कवळ घातली. त्यांच्या बापाच्या काळी भारा म्हणजे एवढा. एका माणसाच्या कवळीत मावेल तो भारा. मग ठेकेदाराच्या बापाने दोर आणला. दोराच्या एका टोकाला लोखंडी कडी, दुसरीकडे गाठ. भाऱ्याभोवती दोर फिरवायचा. गाठ कडीला येऊन टेकली तर भारा भरला. दोर सैल राहिला, गाठ कडीच्या पलीकडे गेली, तर भारा कमी. कमी भारा अर्धा धरतात.

"मग त्यात वाईट काय?"

"गाठ सरकते," आजोबा म्हणाले. "दर हंगामाला सरकते. आता दोन माणसांनी हाताला हात धरले तर मावेल एवढा भारा लागतो. पोरीने तेच ओरडून सांगितलं होतं तेव्हा. कुणी ऐकलं नाही, मग पेटवल्या गंज्या."

बाईंना एकदम आठवलं. सुधारगृहातली पहिली भेट, हिरव्या भिंतीची खोली, समोर हाडकुळी पोरगी. बाईंनी तिला विचारलं होतं, तुला किती राग येतो? थोडा, बराच की खूप? पोरगी म्हणाली होती, दोर लांब होता. बाईंनी मान हलवली होती आणि बादली पुढे सरकवली होती. राग किती येतो ते त्यांनी पुढे दर भेटीत विचारलं. कशाचा येतो ते विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. पंचवीस वर्षं माणसांच्या घरात शिरणाऱ्या बाईला ते सुचू नये, याची त्यांना त्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या भयंकर लाज वाटली.

त्या उठल्या आणि तडक तळ्याकडे गेल्या. चपला काठावर काढल्या, कपडे गुडघ्याच्या वर खोचले आणि पाण्यात शिरल्या. गाळ इतका मऊ होता की पाऊल टाकलं की आत कुणीतरी ओढून घेतंय असं वाटे. पाणी वर कोमट, खाली थंडगार. लव्हाळ्याची कापलेली बुडखं तळव्यांना टोचत होती. आई दूर मधोमध वाकलेली दिसत होती. डाव्या हाताने मूठभर लव्हाळं धरायचं, पाण्याखाली हात घालून बुडाशी विळा ओढायचा, मूठ पाठीवरच्या पट्ट्यात खोचायची. पुन्हा वाकायचं. बाई तिच्याजवळ पोचल्या तेव्हा त्यांच्या हातांना दोन जळवा लागल्या होत्या. आईने एकदा बघितलं, दोन्ही जळवा नखाने उपटून फेकल्या आणि पुन्हा कामाला लागली.

"ताई, थोरलीबद्दल बोलायचं होतं," बाई म्हणाल्या.

"बोला की."

"ती तुमचा भारा मोजते ना?"

आईचा विळा क्षणभर थांबला. पाण्याखाली तो दिसत नव्हता, पण खांदा थांबलेला दिसला. मग पुन्हा चालू झाला.

बाईंनी बरंच विचारलं, तेव्हा तुकड्यातुकड्याने कळलं. पहिल्या दिवशी पोरीने आईच्या भाऱ्याला दोर घातला. गाठ पलीकडे गेली. पोरगी म्हणाली, भरला. ठेकेदार मागेच उभा होता. त्याने आवाज चढवला नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बेटा, खोटं बोलायची सवय गेली नाही का अजून? समितीला कळवू का? मग पोरीने पुन्हा दोर घातला आणि म्हणाली, कमी. त्या दिवसापासून ती सगळ्यांना कमी म्हणते. शेजारणीला म्हणते, आजोबांच्या वयाच्या माणसांना म्हणते, रोज संध्याकाळी आईला म्हणते. वस्तीतल्या बायका आता आईशी पाणवठ्यावर बोलत नाहीत. तुझी पोरगी आमच्या गळ्याला दोर लावते, असं एकीने तोंडावर सांगितलं.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

आई सरळ उभी राहिली. कंबर सरळ होताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला. हाताची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती आणि त्यांच्यावर लव्हाळ्याच्या पात्यांचे बारीक काप होते.

"तुम्हीच तर लावून दिलंत काम," ती म्हणाली. "तुम्ही किती खूश होता, बाई. म्हटलं, जाऊ दे. पोरगी घरात आहे ना, हे काय कमी आहे?"

बाईंनी पाण्यात हात घातला आणि लव्हाळ्याची एक मूठ धरली. आईने कमरेचा दुसरा विळा काढून दिला. दुपारभर त्या दोघी कापत राहिल्या. बाईंच्या तळहाताला पहिल्या तासातच फोड आले आणि दुसऱ्या तासात फुटले. भारा काठावर आणून बांधला तेव्हा तो दोघींच्या खांद्यावर दोन टोकं घेतल्याशिवाय उचलेना. पाणी निथळत पाठीवरून कपड्यांत उतरत होतं. बांधावरून चालताना आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बाईंना वाटलं, हा भारा कमी असेल तर मग जगात भरलेलं असं काही नाहीच.

वखार म्हणजे मोठं कुंपण घातलेलं मैदान. एका बाजूला पत्र्याखाली गंज्या, मध्ये लाकडी खांब आणि खांबाशी थोरली. पंधरा वर्षांची पोर, पण चेहऱ्यावर मूल असल्याची एकही खूण राहिली नव्हती. समोर कापणाऱ्यांची रांग. ज्याचा नंबर येई तो भारा खाली ठेवी, थोरली दोर फिरवी, गाठ बघे आणि आवाज न चढवता सांगे, कमी. माणूस भारा उचलून अर्ध्यांच्या ढिगाकडे जाई. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. जाता जाता एकजण तिच्या पायाजवळ थुंकला. तिने पाय मागे घेतला, इतकंच.

खांबाच्या दुसऱ्या बाजूला एक बादली होती. पाण्याने काठोकाठ भरलेली. तिच्यापुढे एक म्हातारा कापणारा उकिडवा बसला होता, दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घालून. शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या पोरासारखी त्याची मान खाली होती. हातांवरचे काप पाण्यात उकलून पाणी फिकट लाल झालं होतं.

बाई तिथेच थांबल्या. खांद्यावरचा भारा घसरला आणि आईनेच तो सावरून खाली ठेवला.

ठेकेदार ऑफिसातून बाहेर आला. बाईंना चिखलाने माखलेल्या बघून त्याला नवल वाटलं, पण त्याने हात जोडले.

"मॅडम, बरं झालं आलात. बघा तुमची बादली. मुद्दाम ठेवलीय मी. पोरगी तर एकदम गाय झाली. मग म्हटलं, सगळ्यांनाच का नको? मापावरून कुणी वाद घातला की सांगतो, आधी बादलीत हात घाल. पाणी स्थिर झालं की बोल. तोवर त्याचा नंबर जातो." तो हसला. "तुमची विद्या फार कामाची आहे हो."

म्हातारा मान वर न करता बादलीपाशी तसाच होता. त्याच्या हातांना कंप होता, त्यामुळे पाणी काही स्थिर होत नव्हतं. त्याचा नंबर कधीच गेला होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा राग त्यांच्या ओळखीचाच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचा राग हाताळला, स्वतःचा कधी उघडून बघितला नाही, आणि आता तो असा अंगावर आला की त्यांना कानांत स्वतःचंच रक्त ऐकू येऊ लागलं. ठेकेदाराचा राग, साहेबांचा राग, समितीचा राग, आणि त्या सगळ्यांहून जास्त त्या बादलीचा. किती घरांत नेली त्यांनी ती. मार खाल्लेल्या बायकांपुढे ठेवली, उपाशी पोरांपुढे ठेवली. मारणाऱ्यापुढे आणि उपाशी ठेवणाऱ्यापुढे किती वेळा ठेवली, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला तर एकही वेळ आठवेना.

रांग पुढे सरकली. आईचा नंबर आला.

थोरलीने वर बघितलं नाही. तिने भाऱ्याखालून दोर घातला, वरून ओढला, गाठ कडीशी आणली. दोर तीन बोटं सैल राहिला. गाठ कडीच्या पलीकडे गेली. आई हातात विळा धरून आपल्या पावलांकडे बघत उभी होती. थोरली म्हणाली, "कमी." मग ती बादलीकडे गेली, म्हाताऱ्याच्या शेजारी बसली आणि हात पाण्यात घातले. कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी आईच्या हातातला विळा ओढला. खाली बसल्या, एका हाताने दोर भाऱ्यावर दाबला आणि गाठीच्या अलीकडे विळा चालवला. ओला दोर पहिल्या ओढीत तुटला नाही. त्यांनी दातओठ खाऊन पुन्हा ओढला, तिसऱ्यांदा ओढला. गाठ तुटून मातीत पडली. त्यांनी ती उचलली आणि बादलीत फेकली. मग पायाने बादली लाथाडली. म्हातारा घाबरून मागे सरकला, पाणी सगळीकडे पसरलं.

वखारीत कुणी हललं नाही.

ठेकेदार खरंच हुशार माणूस. तो चिडला नाही. त्याने तुटलेला दोर उचलला, बघितला आणि शांतपणे म्हणाला, "पोरीने दोर कापला. सगळ्यांनी बघितलं."

"मी कापला," बाई म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या, सरकारी. तुम्हाला राग येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही कशाला कापाल? कुणाला पटेल का?" तो रांगेकडे वळला. "गंज्या जाळणारीनेच दोर कापला. समितीला मी आजच कळवतो. काय रे, बघितलं ना सगळ्यांनी?"

रांगेतल्या माना खाली गेल्या. उद्या परत इथेच भारे आणायचे होते. जिने हंगामभर त्यांना कमी म्हटलं, तिच्यासाठी बोलायचं कुणी? थोरली सांडलेल्या पाण्यात तशीच बसली होती. हातांखाली बादली नव्हती तरी तिने हात पुढे धरले होते. ती रडत नव्हती आणि बोलतही नव्हती. बाईंनी तिला हेच शिकवलं होतं.

मग आई बोलली.

"बाईंनी कापला," ती म्हणाली. "माझ्या हातातला विळा ओढून घेतला त्यांनी. माझ्या बोटाला लागलाय, हे बघा." तिने बोट वर केलं. बोटातून रक्त येत होतं. मग ती बाईंकडे न बघता पुन्हा म्हणाली, "पोरीने नाही. बाईंनी."

हे बोलायला तिला किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. बाईंची नोकरी तिने एका वाक्यात उचलून ठेकेदाराच्या पुढ्यात ठेवली होती, आणि ते दोघींनाही कळत होतं. बाईंना तिला मिठी मारावीशी वाटली.

म्हातारा कापणारा ओल्या हातांनी उठला. "बाईंनी कापला," तो म्हणाला. मग जो थुंकला होता तोही म्हणाला. मग पाणवठ्यावर न बोलणारी शेजारीण. ठेकेदाराविरुद्ध एकही शब्द न बोलता, फक्त खरं तेवढं, रांगेच्या टोकापर्यंत सगळे म्हणाले. ठेकेदार ऐकत राहिला. पुष्कळ वेळाने त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

साहेबांनी बाईंना समोर बसवून घेतलं तेव्हा खोलीत पंखा चालू होता आणि साहेबांचा सूर अगदी मायेचा होता. बाई, तुम्ही? मला तर विश्वासच बसत नाही. तुमची निवृत्ती किती जवळ आलीय, जरा विचार करा. ठेकेदार समजूतदार आहे, तो तुमच्याविरुद्ध काही लिहून द्यायला तयार नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की पोरगी तिथे होती, तिच्या मनात काय होतं कोण सांगणार. तुम्ही फक्त म्हणा, की नीट दिसलं नाही. पोरगी परत सुधारगृहात जाईल, तिथे तिला जेवण आहे, शाळा आहे. वाईट काय आहे त्यात?

"तिला राग कशाचा आला होता, ते आपण कुणी विचारलं होतं का साहेब?" बाईंनी विचारलं.

"आता तो विषय कुठून आला?"

"तोच विषय आहे."

"शांत व्हा, बाई," साहेब म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

बाई त्या ग्लासकडे बघत राहिल्या आणि त्यांना हसू फुटलं. हसू थांबेना, डोळ्यांत पाणी आलं, साहेब गोंधळले. मग बाईंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. फोड फुटलेले, कातडी निघालेले. म्हणाल्या, दोर मी कापला, बादली मी लाथाडली, समितीला हेच सांगणार आहे, आणि दोर कुठे किती सरकलाय तेही सांगणार आहे. साहेबांनी डोकं हलवलं. चौकशी होईपर्यंत बाईंना कामावरून दूर केल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं.

समितीपुढे वस्तीतली माणसं बसने आली. एरवी समितीच्या इमारतीची पायरी चढायला ती धजत नसत. एकेकाने आत जाऊन तेच सांगितलं, बाईंनी कापला. दुसरं काही विचारलं तर म्हणत, आम्हाला तेवढंच माहीत आहे. दोराचं बाईंनी सांगितलं, आणि समितीने ते ऐकून घेतलं. हा आमच्या अधिकारातला विषय नाही, असं एक सदस्य जांभई देत म्हणाला. पोरीवरची तक्रार मात्र टिकली नाही. थोरली घरी राहिली.

हंगाम संपत आला तेव्हा बाई एकदा सवडीने वस्तीत गेल्या. आता त्यांना कुणी पाठवत नव्हतं. बादल्या घासून ठेवा म्हणून कुणी ओरडलं नाही. बांधावरच थोरली भेटली. कमरेला विळा, पोटऱ्या गाळाने काळ्या. वखारीतून तिला काढलं होतं. ती आता आईबरोबर पाण्यात उतरत होती.

बाईंनी दोराचं विचारलं. ठेकेदाराने नवीन दोर आणला होता. गाठ कापलेल्या दोरावर होती त्याच जागी, एक बोटही मागे नाही.

"पण दोर धरायला कुणी मिळत नाही त्याला," थोरली म्हणाली. "सगळ्यांना विचारलं. कुणी हातच लावत नाही. आता स्वतःच धरतो, उन्हात उभा राहून. कमी पण त्याला स्वतःलाच म्हणावं लागतं, एकेकाच्या तोंडावर. काल तो म्हातारा त्याला म्हणाला, परत म्हण, मला ऐकू नाही आलं. चार वेळा म्हणायला लावलं त्याने."

हे सांगताना ती हसली. बाईंनी तिला हसताना कधी बघितलं नव्हतं. तिचा पुढचा एक दात थोडा आडवा होता.

पण बाई हसल्या नाहीत. त्यांचे हात थरथरत होते. कामावरून दूर केल्यापासून हे असंच होत होतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना कुठूनही तो राग वर येई आणि हात थरथरू लागत. थोरलीने ते बघितलं. तिने बाईंचं मनगट धरलं, त्यांना काठावर नेलं, खाली बसवलं.

"हात घाला पाण्यात, बाई," ती म्हणाली.

बाईंनी हात घातले. पाणी कोमट होतं. त्यांच्या बोटांभोवती बारीक लाटा उठत होत्या. थोरली शेजारी उकिडवी बसून पाण्याकडे बघत होती, बाई पूर्वी बघायच्या तशी. आई दूर मधोमध वाकलेली होती आणि तिच्या विळ्याचा आवाज पाण्यावरून येत होता.

हळूहळू लाटा लहान झाल्या. बाईंनी तेवढ्यात हात बाहेर काढले.

"अजून स्थिर नाही झालं," थोरली म्हणाली.

"नको होऊ दे," बाई म्हणाल्या. त्यांनी ओले हात कपड्यांना पुसले आणि पुढे केले. "विळा दे. आणि ती वखार उघडते किती वाजता, ते सांग."